सुई कोणती? गिरगाव ते गिरणगावच्या मोनो तबकड्यांची गोष्ट

१/
५ सप्टेंबर १९७७ रोजी ‘व्हॉयेजर १’ यानाने पृथ्वी सोडली. त्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे आणि तिच्यात केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, हे इतिहासप्रेमींना बहुधा ठाऊक असते. तबकडीसोबत त्याच ॲल्युमिनियमच्या आवरणात ठेवलेल्या दुसऱ्या वस्तूचा उल्लेख मात्र क्वचित होतो. ती म्हणजे एक कार्ट्रिज आणि एक सुई. आवरणावर आकृत्या कोरल्या आहेत: सुई कोठे टेकवायची आणि तबकडीचा एक फेरा किती वेळात, म्हणजे ३.६ सेकंदांत, पूर्ण व्हायला हवा.

२/
तबकडी कितीही जपली तरी योग्य सुईवाचून ती मुकी असते, हे नासाच्या मंडळींनी जाणले होते. केसरबाईंच्या मुंबईत आज नेमके उलटे घडते आहे. गिरगावच्या चाळींतील पोटमाळ्यांवर, दादरच्या जुन्या कपाटांत, परळ-लालबागच्या ट्रंकांत तबकड्या शिल्लक आहेत. सुई कोणती लावायची याचे ज्ञान मात्र हरपले आहे. नातू हौसेने नवा टर्नटेबल आणतो, त्यावर आजोबांची हिराबाई बडोदेकरांची तबकडी लावतो आणि आवाजापेक्षा खरखरच अधिक ऐकू येते. ‘जुने मुद्रणच असे असणार’ असा निष्कर्ष काढून तबकडी पुन्हा माळ्यावर जाते. हा निष्कर्ष अनेकदा चुकीचा असतो. हा धागा त्या चुकलेल्या सुईचा.

३/
आरंभ तबकडीवरील चरापासून, म्हणजे ग्रूव्हपासून, करावा लागतो. १८७७ मध्ये एडिसनने ध्वनी कोरला तो वर-खाली: सुई आवाजाबरोबर खोल जाई, वर येई. दहा वर्षांनी, १८८७ मध्ये, एमिल बर्लिनरने वेगळा मार्ग धरला. त्याच्या पद्धतीत चराची खोली तीच राहते आणि नागमोडी वळणे डावी-उजवीकडे जातात. ग्रामोफोन हे नाव बर्लिनरच्याच यंत्राचे. पुढे जगभर त्याची आडवी पद्धत रूढ झाली आणि मोनो तबकडी म्हणजे आडव्या हालचालीची तबकडी, असे समीकरण बनले. तिच्यात गाणे फक्त आडव्या दिशेला असते. उभ्या दिशेला जे काही सापडते ते गायकाचे नव्हे. ती धूळ, झीज, ओरखडे आणि यंत्राची घरघर.

४/
पाथे या फ्रेंच कंपनीच्या तबकड्या मात्र उभ्या कोरणीच्या होत्या. कलकत्त्याचे एच. बोस यांनी १९०८ च्या सुमारास आपली मुद्रणे पाथेकडून तबकड्यांवर आणवली. त्यांना नीलमण्याची गोल टोकाची सुई लागे. ग्रामोफोनची पोलादी पिन लावली तर तबकडीचे नुकसान होई आणि गाणेही धड वाजत नसे. ‘तबकडी बरोबर, सुई चूक’ हे दुखणे आपल्या देशात असे निदान शंभर वर्षांचे जुने आहे.

५/
१९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात फ्रेड गैसबर्गच्या हातून ग्रामोफोन कंपनीच्या भारतीय मुद्रणांना प्रारंभ झाला. त्या काळी मुद्रण येथे होई आणि तबकडी छापून येई जर्मनीतील हॅनोव्हरहून. १९०८ मध्ये सियालदहला कारखाना निघाल्यावर हा वळसा संपला. तबकडीचा मुख्य घटक म्हणजे चपडी लाख, म्हणजे शेलॅक. ती जगाला पुरवणारा देश भारतच होता. लाखेत दगडाची बारीक पूड मिसळत, आणि त्यामागे हेतू होता. पोलादी पिन पहिल्या काही फेऱ्यांतच त्या पुडीवर घासून चराच्या आकाराची व्हावी, अशी ती योजना. म्हणून एका बाजूला एक पिन, मग ती टाकून नवी, असा शिरस्ता होता.

६/
मध्यमवर्गीय घरात हा शिरस्ता सर्वांनाच परवडत नसे. पिनांची डबी संपत आली की तीच पिन दहा वेळा चाले. साउंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमपेक्षा अधिक. आजच्या कार्ट्रिजचा दोन-तीन ग्रॅम. बोथट पिन एवढ्या वजनाने फिरली की चराच्या भिंती खरवडत जाई. ज्या गाण्यावर घराचा जीव अधिक, ते गाणे अधिक खरवडलेले. (‘पिन अडकली’ हा वाक्प्रचार आजही जिभेवर आहे. तो वापरणाऱ्या अनेकांनी पिन पाहिलेलीही नसते.)

७/
या तबकड्यांवर काय होते? गिरगावापुरते पाहिले तरी यादी थक्क करणारी आहे. बालगंधर्वांची नाट्यपदे. ऑपेरा हाऊसजवळच्या प्रा. बी. आर. देवधर यांच्या संगीत विद्यालयाभोवती नांदणारे ख्यालगायनाचे जग, जेथे कुमार गंधर्व लहान वयात शिकायला आले. नागपूरहून वकिली शिकून आलेले, स्वतः भावगीतगायक असलेले जी. एन. जोशी १९३८ मध्ये ‘एचएमव्ही’त रुजू झाले आणि पुढची तीन दशके मुंबईतील मुद्रणाचा एक मोठा भाग त्यांच्या हाताखालून गेला. फणसवाडीच्या चाळीत वाढलेल्या सुलोचना चव्हाण यांच्या आवाजातली लावणी तमाशाच्या फडापासून दूर राहणाऱ्या घरांतही पोचली, ती तबकडीवरूनच.

८/
गिरगावातून उत्तरेकडे सरकले की गिरणगाव लागते. तेथे दहा बाय दहाच्या खोलीत, पाळ्यांप्रमाणे झोपणाऱ्या माणसांच्या गर्दीत, स्वतःचा ग्रामोफोन ही चैन होती. तबकडी ऐकली जाई ती इराण्याच्या हॉटेलात, लग्नाच्या मांडवात आणि गणपतीच्या कर्ण्यावर. लालबागच्या राजाचे मंडळ १९३४ चे. त्या सुमारास ध्वनिक्षेपक आणि उत्सव यांची गाठ पडू लागली होती. कर्ण्यावर वाजणारी तबकडी दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ फिरे. शाहिरी, लावणी, गवळण, पुढे भीमगीते: या परिसराचा आवाज ज्या तबकड्यांवर होता, त्यांच्या वाट्याला सर्वांत जड हात आणि सर्वांत बोथट पिना आल्या.

९/
मुंबईची स्वतःची कंपनीही होती. १९३५ च्या सुमारास ‘नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ने वडाळ्याला कारखाना काढला, तिचा छाप ‘यंग इंडिया’. परक्या कंपनीच्या तुलनेत भांडवल अपुरे, पण ज्यांना ‘एचएमव्ही’ने विचारले नसते अशा अनेक गायक-वादकांना तिने मुद्रणाची संधी दिली. ‘यंग इंडिया’ची लाख किंचित खरबरीत, पृष्ठभागाचा आवाज थोडा अधिक. आज या तबकड्या ऐकताना सुईची निवड म्हणूनच अधिक महत्त्वाची ठरते.

१०/
आता मापांकडे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीचा चर रुंद असतो. त्यात बसणाऱ्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण ६५ ते ७५ मायक्रॉन. माणसाचा केस जवळपास तेवढ्याच जाडीचा. जून १९४८ मध्ये कोलंबियाने अमेरिकेत लाँग प्लेइंग तबकडी आणली, व्हिनाइलची, बारीक चराची, ३३ फेऱ्यांची. तिच्यासाठी टोक २५ मायक्रॉनचे झाले. पुढे स्टिरिओ आला आणि टोक आणखी बारीक, १८ मायक्रॉनच्या आसपास आले. आजच्या टर्नटेबलवर मिळते ती बहुधा ही तिसरी सुई, किंवा तिचे लंबगोल भावंड.

११/
ही तिसरी सुई ७८ च्या तबकडीवर ठेवली तर ती भिंतींना टेकतच नाही. रुंद ओढ्यात पडलेल्या दगडासारखी ती तळाशी जाते आणि तेथे साठलेल्या कचऱ्यावरून घासत फिरते. नातवाने ऐकलेली खरखर ती हीच. गाणे भिंतींवर शाबूत असते आणि सुई तळ वाजवत असते. म्हणून ७८ साठी रुंद टोकाची वेगळी सुई ही अट आहे. तिला पर्याय नाही. वेग ७८ वर नेणारे बटण टर्नटेबलवर असले म्हणजे काम झाले, अशी समजूत विक्रेतेही करून देतात.

१२/
स्टिरिओची कल्पना मुंबईच्या घरांत उशिरा पोचली असली तरी जुनी आहे. ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ मध्ये एकाच चरात दोन ध्वनी भरण्याचे पेटंट मागितले: चराच्या दोन भिंती एकमेकींशी काटकोनात, प्रत्येकीवर एक बाजू. बाजारात स्टिरिओ तबकड्या आल्या त्या १९५७-५८ मध्ये. या रचनेत एक सुरेख गणित दडलेले आहे. दोन्ही बाजूंना जे समान, ते सुईला आडवे हलवते. दोहोंत जो फरक, तो तिला वर-खाली हलवतो. म्हणजे स्टिरिओ कार्ट्रिजला एडिसनची उभी दिशा आणि बर्लिनरची आडवी, दोन्ही ऐकू येतात.

१३/
मोनो तबकडीवर हेच तिचे वैगुण्य ठरते. उभ्या दिशेला तेथे गाणे नाही, तरी ती ऐकत राहते आणि धूळ, ओरखडे, मोटारीची घरघर इमानाने दोन्ही स्पीकरांत वाटते. भर म्हणून आणखी एक दोष असतो. चर कोरणारे हत्यार पाचरीसारखे आणि ऐकणारी सुई गोल. चर वळणावर अरुंद झाला की गोल सुई वर उचलली जाते. ही उचल मूळ गाण्यात नव्हती. स्टिरिओ कार्ट्रिज तीही ध्वनी म्हणून पुढे पाठवते, आणि वरच्या पट्टीतील स्वर कापरे, करकरीत होतात. मोनो कार्ट्रिज फक्त आडवी हालचाल मोजते. उभी दिशा तिच्या लेखी नसतेच.

१४/
एकाच दिशेच्या या ध्वनीत त्या काळचे गायन, आणि चित्रपटही, सामावलेले होते. परळला व्ही. शांताराम यांचे ‘राजकमल कलामंदिर’ १९४२ मध्ये उभे राहिले. तेथील ध्वनिसंमीलनासाठी मंगेश देसाई यांचे नाव पुढे देशभर घेतले गेले. सारंगी मागे किती, तबला पुढे किती, गायिकेचा श्वास ऐकू यावा की नाही, हे सगळे निर्णय जवळ-लांब या एकाच मितीत होत. मोनो म्हणजे काहीतरी उणे, ही समजूत अशा मुद्रणांपुढे टिकत नाही. खोली त्यांत आहे, रुंदी नाही.

१५/
भारतात ७८ चे युग लांबले. पश्चिमेत ते १९६० च्या आसपास आटोपले. येथे ते १९७० च्या सुमारापर्यंत रेंगाळले. बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८ च्या तबकडीवर निघाली, आणि आज परदेशी संग्राहक त्या तबकड्यांसाठी जीव टाकतात. कारण साधे होते. खेड्यापाड्यांत वीज नव्हती आणि चावीचा ग्रामोफोन विजेवाचून चाले. त्यामुळे आपल्याकडील एकाच घराच्या संग्रहात १९३० ची लाखेची तबकडी, १९६० ची मोनो लाँग प्ले आणि १९७५ ची स्टिरिओ शेजारी-शेजारी सापडतात. एकच सुई या तिन्हींना न्याय देऊ शकत नाही.

१६/
मग मोनो कार्ट्रिज कोणती? बाजारात या एका शब्दाखाली दोन भिन्न वस्तू विकल्या जातात. पहिली जातिवंत मोनो: आत एकच ध्वनिजनक, जो आडव्या हालचालीलाच प्रतिसाद देतो. जपानच्या डेनॉन कंपनीची ‘डीएल-१०२’ या जातीची. आकाशवाणीसारख्या प्रसारण संस्थांच्या वापरासाठी ती घडवली गेली, मागे चारऐवजी दोनच पिना, भार सुमारे तीन ग्रॅम. तिची सुई उभ्या दिशेलाही लवते, म्हणून चुकून स्टिरिओ तबकडीवर पडली तरी अनर्थ होत नाही.

१७/
दुसरी वस्तू म्हणजे आतून स्टिरिओच, पण दोन्ही बाजूंच्या तारा जोडून मोनो केलेली. डेन्मार्कच्या ऑर्टोफॉनची ‘२एम मोनो’ अशी आहे. उभ्या हालचालीतून येणारे दोन प्रवाह परस्परविरुद्ध असतात. तारा जोडल्या की ते एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतो तो आडवा ध्वनी. हे काम ॲम्प्लिफायरवरील ‘मोनो’ बटणही करते. तसे बटण असलेला जुना ॲम्प्लिफायर घरात असेल तर नवे काही विकत घेण्याआधी ते दाबून पाहावे. अर्धी खरखर तेथेच संपल्याचा अनुभव पुष्कळांना येतो, आणि तो फुकट असतो.

१८/
येथे एक बारीक फसगत आहे. ‘२एम मोनो’च्या सुईचे टोक १८ मायक्रॉनचे आहे. म्हणजे डबीवर मोनो लिहिले म्हणून आत १९५० च्या दशकाचे २५ मायक्रॉनचे टोक असेलच, असे नाही. १९७० नंतर छापलेल्या मोनो तबकड्यांसाठी १८ चे टोक उत्तम. त्या बहुधा स्टिरिओच्या काळातील बारीक हत्याराने कोरलेल्या असतात. पहिल्या पिढीच्या लाँग प्ले तबकड्यांना २५ चे टोक भिंतीच्या वरच्या, रुंद भागावर नीट टेकते. ७८ ला या दोन्हींपैकी एकही चालत नाही. त्याच कंपनीची ‘२एम ७८’ ६५ मायक्रॉनची आहे. कार्ट्रिज निवडताना ‘मोनो की स्टिरिओ’ या प्रश्नाइतकाच ‘टोक किती मायक्रॉनचे’ हा प्रश्न विचारायला हवा.

१९/
जुन्या बाजारात १९५० च्या दशकातील अस्सल मोनो कार्ट्रिज कधीमधी हाती लागते. मोह आवरावा. त्यांतील बहुतेकींची सुई उभ्या दिशेला ताठ असते, आणि अशी ताठ, जड सुई स्टिरिओ तबकडीवर एकदा जरी फिरली तरी भिंतींवरील बारीक कोरणी कायमची घासली जाते. ज्या घरात दोन्ही प्रकारच्या तबकड्या आहेत तेथे हा शोभेचा नग कपाटातच बरा.

२०/
तबकडी मोनो की स्टिरिओ हे तिच्या क्रमांकावरून बरेचसे कळते. ‘एचएमव्ही’च्या भारतीय लाँग प्ले तबकड्यांवर ‘ईएएलपी’ किंवा ‘ईसीएलपी’ ही अक्षरे असतील तर ती मोनो. ‘ईएएसडी’ किंवा ‘ईसीएसडी’ असतील तर स्टिरिओ. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही जी. एन. जोशींनी घडवलेली तबकडी स्टिरिओच्या या उंबरठ्यावरची.

२१/
स्टिरिओ शब्दाचीही एक लबाडी आहे. साठ-सत्तरच्या दशकांत जगभरच्या कंपन्यांनी जुनी मोनो मुद्रणे यंत्रातून फिरवली, एका बाजूला खर्ज वाढवला, दुसऱ्या बाजूला तार, थोडा घुमारा मिसळला आणि ‘इलेक्ट्रॉनिकली रीप्रोसेस्ड स्टिरिओ’ असा शिक्का मारून विकली. भारतीय पुनर्मुद्रणांवरही तो आढळतो. अशी तबकडी मोनोमध्ये ऐकली की गायिका पुन्हा मधोमध येते, पण मिसळलेला घुमारा निघत नाही. तेच गाणे जुन्या मोनो छपाईत मिळत असेल, तर थोडी झिजलेली का होईना, तीच घ्यावी.

२२/
७८ हा आकडासुद्धा डोळे मिटून मानण्याजोगा नाही. १९२५ नंतर विद्युत मुद्रण रूढ झाले आणि वेग हळूहळू स्थिरावला. त्याआधी तो सत्तरीपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत कोठेही असे. समजा तबकडी ७४ वर मुद्रित आहे आणि ती ७८ वर वाजवली. स्वर जवळजवळ अर्ध्या सुराने चढतो: काळी दोनमध्ये गायलेला माणूस पांढरी तीनमध्ये जातो, तीन मिनिटांचे पद दोन मिनिटे एक्कावन्न सेकंदांत उरकते, आणि ‘जुन्या काळी फार चढ्या पट्टीत व दाणेदार द्रुत ताना घेत’ असा सिद्धान्त तयार होतो. वेग बारकाईने बदलता येणारा टर्नटेबल आणि जवळ एक सुरात लावलेली पेटी, एवढ्या साधनांनी असे काही सिद्धान्त तपासता येतात.

२३/
येथवर मोनो कार्ट्रिजची बाजू मांडली. आता तिच्या विरुद्धची. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘आयासा’ हिच्या मार्गदर्शक तत्त्वांत मोनो तबकडीसुद्धा स्टिरिओ कार्ट्रिजनेच उतरवून घ्यावी आणि दोन्ही बाजू वेगळ्या जतन कराव्यात, असे सांगितले आहे. कारण चराच्या दोन भिंती सारख्या झिजत नाहीत. जड साउंडबॉक्सने एक भिंत अधिक खाल्लेली असते; दुसरीवर गाणे त्या मानाने शाबूत असू शकते. मोनो कार्ट्रिज दोहोंची बेरीज करून मोकळी होते, आणि मग चांगली भिंत वेगळी काढता येत नाही. आणि पाथेची उभी तबकडी? तिच्यातले गाणे मोनो कार्ट्रिजला जवळपास ऐकूच येणार नाही.

२४/
म्हणून ऐकण्याची सुई वेगळी आणि जतनाची वेगळी. रोज संध्याकाळी बालगंधर्व ऐकायचे असतील तर योग्य टोकाची मोनो कार्ट्रिज. तबकडी संगणकावर उतरवून पुढच्या पिढीला द्यायची असेल तर योग्य टोकाची स्टिरिओ, दोन्ही बाजू अलग, आणि खरखर काढण्याचा कोणताही उपचार न करता. उपचार नंतर, प्रतीवर. निरनिराळ्या त्रिज्यांची टोके लावून पाहिली की कधी एखादे टोक जुन्या पिनेने न स्पर्शलेल्या उंचीवर टेकते, आणि मेलेली समजलेली तबकडी बोलू लागते.

२५/
हे काम कोणासाठी करावे, याचाही विचार हवा. १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली आणि तिच्या सदस्यांनी शास्त्रीय व नाट्यसंगीताच्या तबकड्यांचा मोठा ठेवा शोधला, नोंदवला. जे गिरगाव-दादरच्या दिवाणखान्यांत होते त्याला त्यामुळे राखणदार मिळाले. गिरणगावच्या कर्ण्यावर वाजलेल्या तबकड्यांना तेवढे मिळाले नाहीत. शाहीर साबळे यांच्या आवाजातील आणि श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले राजा बढे यांचे गीत २०२३ मध्ये महाराष्ट्राचे राज्यगीत झाले, त्याला कशाची भीती नाही. पण त्याच काळातील किरकोळ छापांवरची पोवाड्याची, भजनाची, भीमगीताची छोटी तबकडी रद्दीवाल्याकडे किलोच्या भावात जाते. संग्राहकांच्या बाजारात तिला किंमत नाही, आणि मूळ मुद्रण कोठे असेल याचा थांग लागत नाही. तिच्याबाबत ती झिजलेली प्रत हाच मूळ दस्तऐवज.

२६/
अशी तबकडी हाती आली तर वाजवण्याआधी धुवावी, कारण धुळीसकट फिरलेली सुई ती धूळ भिंतीत दाबते. व्हिनाइल असेल तर बाजारातील स्वच्छताद्रव चालते. लाखेची असेल तर पाण्यात थेंबभर सौम्य साबण, मऊ ब्रश, कागदी लेबल कोरडे ठेवून, आणि लगेच टिपणे. स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेले काहीही तिला लावू नये. लाख त्यात विरघळते.